पांढऱ्या भाताची पेज

आमच्या घरात त्या वर्षी दोन सुना एकाच हिवाळ्यात बाळंत झाल्या. थोरली मी आणि धाकटी माझी जाऊ. मला दुसरी मुलगी झाली, तिला पहिलाच मुलगा झाला. मुलाचे पेढे वाटले गेले आणि मुलीचा गूळसुद्धा कुणी वाटला नाही, पण त्याची मला सवय होती. माझ्या पोटात जी आग पडली ती मुलावरून कमी आणि भातावरून जास्त.

मी पहिल्यापासून जळकी आहे. मला ते तोंडावर सांगणारे पुष्कळ झाले आणि मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. ज्याला मिळतं त्याने खावं आणि ज्याला मिळत नाही त्याने हसून पाहावं, हे ज्याला जमतं त्याला माझा नमस्कार. मला जमत नाही.

आमचं गाव कामठ्याच्या बाजूचं. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, आम्ही अजून मध्य प्रदेशातच होतो, आणि गोंदियात राईस मिलांची धुराडी एकामागून एक उभी राहत होती. गावात मात्र धान घरच्या घरी ढेकीवरच कांडला जाई. ढेकी म्हणजे लांब जड लाकूड. एका टोकावर पाय देऊन दाबायचं, दुसरं टोक वर उठतं, पाय सोडला की त्याचं मुसळ उखळातल्या धानावर आपटतं. असा तांदूळ तांबूस निघतो. त्याच्या अंगावर कोंड्याचं पातळ कातडं राहून जातं, आणि त्याचा भात कितीही जीव लावून शिजवला तरी पाहुण्यापुढे वाढताना बाईचा हात जरा आखडतो.

जाऊ गोंदियाची. तिच्या वडिलांची तिथल्या एका मिलमध्ये भागी होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला ढेकीवर पाय कसा ठेवतात तेही ठाऊक नव्हतं, आणि सासूबाईंनी तिला ते कधी शिकवलं नाही. मला मात्र अंगावरची हळद उतरायच्या आत ढेकीवर उभी केली होती. त्यात जाऊ स्वभावाने वाईट असती तर बरं झालं असतं. मनसोक्त भांडता आलं असतं. पण ती मला ‘बाई’ म्हणायची, माझ्या थोरलीची वेणी घालून द्यायची आणि मी टोचून बोलले तरी खाली मान घालून हसायची. ती चांगली होती, हेच मला सहन होत नसे.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण त्या वर्षी गोंदियात मातेची साथ होती, पोरांच्या अंगावर देवी निघत होत्या, म्हणून लेकीला नेण्याऐवजी तिची आईच आमच्याकडे राहायला आली. मी तेव्हा माझ्या काही दिवसांच्या मुलीला मांडीवर घेऊन ओसरीत बसले होते. दारात बैलांची दमणी थांबली. आधी विहीणबाई उतरल्या, मग तुपाची बरणी उतरली आणि मग दोघा माणसांनी धरून एक पोतं उतरवलं. सासूबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर तांदूळ हातात घेतला आणि त्या बघतच राहिल्या. दाणा न् दाणा पांढरा आणि असा गुळगुळीत की मूठ उघडताच बोटांमधून निसटायला लागला.

“वा वं माय,” सासूबाई म्हणाल्या. “हा खावाचा की देवापुढे ठेवाचा?”

“मिलमध्ये दोन बार पॉलिश मारून आणला आहे, समधन,” विहीणबाई म्हणाल्या. गोंदियाची माणसं, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी. “माझी बेटी हा गावचा लाल चावल नाही खाणार. बाळंतिणीच्या पोटात कोंडा गेला की बच्चे को मरोड होती है.”

मी त्याच दिवशी सकाळी लाल भात खाल्ला होता. माझी पोरगी मांडीवर गाढ झोपली होती. मी नुसती पोत्याकडे पाहत राहिले.

जावेचं बाळंतपण झालं आणि विहीणबाईंनी पथ्य लावलं. त्यांच्या घरची ती पिढीजात रीत होती असं त्या सांगत. तांदूळ पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा चोळून धुवायचा, भरपूर पाण्यात शिजवायचा, मग सगळी पेज गाळून काढायची. उरला मोकळा कोरडा भात, त्यावर तूप, मीठ आणि मिरपूड. मूल पालथं पडेपर्यंत डाळ नाही, पालेभाजी नाही, कांदा नाही, काही नाही. डाळीने वात होतो, पाल्याने बाळाचं पोट बिघडतं. सासूबाईंना हे सगळं फार शहाणपणाचं वाटलं. शहरातल्या श्रीमंत माणसाने सांगितलेलं आमच्या सासूबाईंना नेहमीच शहाणपणाचं वाटे.

माझं पथ्य कुणी ठरवलं नव्हतं. घरात जे शिजे ते माझ्या ताटात येई: लाल भात, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, कधी कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांचं फतफतं. तूप सणाला.

आम्हा दोघींच्या बाजा एकाच खोलीत होत्या, मध्ये धानाची ढोली. ढोली म्हणजे बांबूची शेणाने लिंपलेली कोठी, पुरुषभर उंच. पलीकडे काय चाललंय ते दिसत नसे, पण वास यायचा. गरम पांढऱ्या भातावर तूप पडलं की जो वास सुटतो तो ज्याच्यासाठी सुटतो त्याला कळतच नाही. तो कळतो शेजारच्याला. मी डोळे मिटून पडायची आणि विहीणबाईंचा आवाज ऐकायची. “खा बेटा. और एक घास.” माझी आई माझ्या लहानपणीच गेली होती. मला असं कुणी म्हणायला नव्हतं.

एकदा मी सासूबाईंना विचारलंच.

“आत्याबाई, मले कायले नाई तो भात? मी का बाळंत नाई झाली?”

“तुह्या बापानं पोतं पाठवलं का?” त्या म्हणाल्या.

झालं. संपलं बोलणं. आमच्या भागात माणसं शब्द गुंडाळून देत नाहीत.

पण खरा अपमान याच्या पुढे होता. जावेच्या भाताची ती पांढरी पेज रोज भांडंभर निघायची आणि सासूबाईंना अन्न फेकायचं म्हणजे जिवावर यायचं. पहिले दोन दिवस त्यांनी ती म्हशीला घातली. तिसऱ्या दिवशी मीठ घालून वाटीत ओतून माझ्यापुढे आणून ठेवली.

“पिऊन टाक वं. दूध येईल.”

“तिच्या भाताचं धुवण मी पिऊ?”

“धुवण नोहे ते, पेज आहे. पिऊन टाक, म्हशीले कोंडा घातला आहे.”

म्हणजे म्हशीला कोंडा होता, म्हणून पेज माझ्याकडे आली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण अंगावर पिणारी पोर होती आणि भूक अशी लागायची की मानापमान बाजूला ठेवावा लागे. मी नाक दाबून ती प्यायले. मग रोजच प्यायले. भात तिचा आणि पेज माझी, अशी घराची रीतच पडून गेली. ढोलीच्या पलीकडून जाऊ कधी कधी हळूच म्हणायची, “बाई, एक घास घ्या ना यातला. आई अंगणात गेली आहे.” मी म्हणायची, “तूच खा, मले नाई चालत.” दुसऱ्याच्या ताटातला घास मागून खाण्याइतकी मी अजून पडले नव्हते. आणि तिने पुन्हा विचारावं म्हणून कान मात्र तिकडेच लावून बसायची.

संक्रांत गेली आणि जावेचे पाय दुखायला लागले. आधी म्हणाली मुंग्या येतात. मग म्हणाली तळवे जळतात. मग चुलीपुढून उठताना तिला हाताचा आधार लागायला लागला. पावलं सुजली. विहीणबाई म्हणाल्या, अशक्तपणा आहे, आणि भाताचा घास वाढवला. सासूबाई, ज्यांनी माझ्या पायाला कधी बोट लावलं नाही, त्या रोज दुपारी मोहाचं तेल कोमट करून तिचे पाय चोळू लागल्या. मला वाटलं, नखरे आहेत. ज्याचं कौतुक होतं त्याला दुखणंही शोभून दिसतं. मी त्याच दिवसांत पुन्हा ढेकीवर उभी राहायला लागले होते आणि माझेही पाय संध्याकाळी भरून येत. पण माझ्या पायांना विचारतो कोण? खरं सांगते, तिच्या आजाराचाही मला हेवा वाटत होता.

मग पोराचं सुरू झालं. जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता. शिमगा जवळ आला तसा तो फिकट पडत चालला. अंगावर सूज, म्हणून लांबून बाळसं वाटे. दूध ओकून टाकी, मग ओढेनासाच झाला. श्वास धापा टाकल्यासारखा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा आवाज गेला. तो रडायचा, तोंड उघडायचा, कपाळाला आठ्या पडायच्या, मुठी आवळायचा, पण ऐकू काहीच यायचं नाही. इकडे माझी पोरगी रडली की शेजारची म्हातारी विचारायला यायची, काय झालं म्हणून. ती रडायला लागली की घरातली सगळी माणसं माझ्याकडे वळून पाहत, जणू मी त्याचा आवाज चोरून हिच्या गळ्यात घातला होता.

दृष्ट लागली, असं ठरलं. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या पोरावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला तर काही नाही, आणि ठसका लागला नाही तर दृष्ट पक्की. सासूबाईंनी चुलीजवळ तोंड नेऊन वास घेतला.

“ठसका नाई लागून राहिला,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

विहीणबाईंनी पाहिलं नाही. त्यांनी सरळ पेटीतून एक लुगडं काढलं आणि ढोलीपासून भिंतीपर्यंत आडवं बांधून टाकलं. “बुरा मत मानना,” मला म्हणाल्या, “पण काही दिवस तुम्ही या बाजूला नका येऊ.” दीर आमच्या भागातल्या प्रतापगडच्या डोंगरावर जाऊन आले. महादेवाला नारळ बोलले, दर्ग्यावर चादर बोलले. कुठूनही यश येवो. माझे मालक माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, “तू काऊन तशी पाहतं वं लोकांच्या ताटाकडे? साऱ्या गावाले माहीत आहे तुहा डोळा.”

माझ्या अंगाचा जो भडका उडाला तो आजही आठवतो. मी जळत होते, मान्य. पण त्या लेकरावर माझा डोळा कधीच नव्हता, माझा डोळा त्याच्या आईच्या भातावर होता. आता हा फरक मी कुणाला समजावून सांगू? आणि मनातून मी घाबरलेही होते. पोर गेलं असतं तर त्या गावात मला जन्मभर ‘पोर खाणारी’ म्हणून राहावं लागलं असतं. मुलींची लग्नं झाली नसती. पडद्यापलीकडे काहीच ऐकू येत नसे, आणि आवाज नाही म्हणजे तो झोपला आहे की गेला आहे, हे न कळून मी श्वास रोखून पडून राहायची.

एका सकाळी त्याचे ओठ निळे दिसायला लागले. दिरांनी दमणी जुंपली. सासूबाईंचे गुडघे धरलेले, आणि जावेला दोन बाजूंनी धरल्याशिवाय चालवत नव्हतं. दुसरी बाई नव्हती म्हणून मला घेतलं. विहीणबाई पोराला घेऊन पुढे बसल्या आणि मला म्हणाल्या, तोंड मागे करून बसा. गोंदिया येईपर्यंत मी त्या लेकराकडे पाठ करून, एका हाताने माझी मुलगी आणि दुसऱ्या हाताने जावेची कंबर धरून, मागे पळणारा रस्ता पाहत बसले. जाऊ माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती. ती कुजबुजली, “बाई, तुम्ही नाही केलं काही. मला माहीत आहे.”  त्या वेळी मला तिचं चांगलं असणं अजिबात नको होतं.

डॉक्टर म्हातारा होता, चष्म्यातून वरून बघणारा. त्याने पोराची छाती ऐकली, बराच वेळ ऐकली. मग पोराला सोडून जावेकडे वळला. तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत पडल्यासारखा. गुडघ्याखाली छोट्या हातोडीने ठोकलं, तर पाय हललाच नाही.

“क्या खाती है?” त्याने विचारलं.

विहीणबाईंनी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. घरच्या मिलचा तांदूळ, दोनदा पॉलिश केलेला, इतका धुतलेला, पेज काढलेली, डाळ नाही, भाजी नाही. बाळंतिणीचं पथ्य कसं पाळावं ते आमच्याकडून शिका, असा सूर. डॉक्टर ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पडत गेला.

“और पेज? वो कौन पीता है?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरनेही पाहिलं. मग माझ्या मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं, तिने मुठी आवळून आरोळी ठोकली होती.

“हाँ,” तो म्हणाला. “दिखता है.”

मग त्याने समजावून सांगितलं, रागावत सांगितलं, पण आमच्यासारख्यांना कळेल असं सांगितलं. तांदळाच्या वरच्या लाल कातड्यात आणि टोकाच्या कोंबात एक सत्त्व असतं. शरीराच्या नसा आणि काळीज त्यावर चालतात. मिल ते खरवडून कोंड्यात टाकते. जे थोडं उरतं ते धुण्यात जातं, त्यातून उरलं ते पेजेत जातं. डाळीत आणि पाल्यातही ते असतं, तर ती तुम्ही बंद केली. पोटभर जेवूनही ही बाई त्या सत्त्वाला उपाशी आहे, म्हणून हिचे पाय गेले. आणि हिच्या दुधातही ते नाही, म्हणून पोराचं काळीज सुजलं आहे आणि आवाज बसला आहे. अजून काही दिवस असेच गेले असते तर पोर हाती लागलं नसतं.

“पण नजर...” विहीणबाई म्हणाल्या.

“नजर तुम्हारे चावल की लगी है,” डॉक्टर म्हणाला आणि सुई उकळायला ठेवली.

मला त्या क्षणी नाचावंसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की आता सगळे तिच्याभोवती अधिकच गोळा होणार. आणि तसंच झालं. डॉक्टरने आईला आणि पोराला सुया दिल्या, पुन्हा कधी यायचं ते सांगितलं, आणि म्हणाला, आईच्या अंगात पुन्हा सत्त्व भरेपर्यंत तिचं दूध या पोराला नको. दुसऱ्या कुणाचं चांगलं दूध मिळेल का?

कुणी मला विचारलं नाही. विहीणबाईंनी पोराला उचललं, क्षणभर थांबल्या, आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. माझ्या मुलीला त्यांनी स्वतःकडे घेतलं. तीन महिन्यांत त्या पोराचं तोंड मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. त्याच्यात ओढायचं बळ नव्हतं. मी बोटाने त्याच्या जिभेवर दूध सोडत गेले. थोडं गिळायचा, दमायचा, पुन्हा गिळायचा. माझी पोरगी विहीणबाईंच्या हातात हातपाय झाडून किंचाळत होती, तिच्या वाटचं दूध दुसऱ्याला जात होतं, ते तिला कळत होतं. तिचा राग मला पूर्ण समजत होता. ती माझीच मुलगी.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आडातच नाई तं पोहऱ्यात कुठून येईल.” त्यांनी स्वतःच्या हाताने लुगड्याचा पडदा सोडला, घडी करून विहिणीच्या पेटीवर ठेवला आणि बाहेर गेल्या.  संध्याकाळी माझ्या ताटात लाल भातावर तुपाची धार होती. मी तुपाकडे पाहिलं आणि समजले, हे तूप माझ्यासाठी नाही, त्याच्या दुधासाठी आहे. तरी खाल्लं. गरम होतं, छान होतं.

जावेसाठी आता लाल तांदूळ, तोही पेज न गाळता, डाळ, पाला, आणि वर कोंडा चाळून ताकात कालवून. म्हैस तोंड वर करून पाहत राहिली. पण तिच्यासाठी इतका तांदूळ कांडायचा कोणी? मी दोन लेकरं अंगावर घेऊन बसलेली. मग गोंदियाच्या मिलमालकाची बायको, पायात चांदीच्या तोरड्या घातलेली, वरून सोडलेली दोरी धरून आमच्या ढेकीवर उभी राहिली. थोड्याच वेळात “कमर टूट गई” म्हणत खाली बसली. मी ओसरीतून पाहत होते. तेवढा एक दिवस मला कुणाचाही हेवा वाटला नाही. पोत्यातला उरलेला तांदूळ सासूबाईंनी उन्हाळ्यात पापडांना लावून टाकला.

सुयांचा गुण लगेच दिसला, पोराची धाप उतरली, ओठ लाल झाले. तो ओढायला लागला. मग एका दुपारी मी त्याला पाजून बाजूला ठेवला, माझ्या मुलीला घेतलं, आणि त्याने तोंड उघडलं. नुसती हवा येईल असं वाटलं होतं. घोगरा, फुटका, पण आवाज आला. जाऊ बाजेवर होती, ती उठून बसली. सासूबाई चुलीजवळून धावत आल्या. आम्ही तिघी त्याच्याभोवती उभ्या होतो आणि कुणालाही त्याला गप्प करायचं नव्हतं. तो रडत होता आणि माझ्याकडे बघत होता.

तेव्हापासून तो माझाच झाला. त्याची मान माझ्या आवाजाकडे वळे. मी खोलीत आले की पाय झाडायचा. जावेने घेतला की अंग ताणून धरायचा, मी घेतला की लगेच विरघळायचा. मी त्याला मुद्दाम कुशीत जरा जास्त वेळ ठेवायची. जाऊ बघायची. तिचे पाय आता चालत होते, अंगावर रंग आला होता, आणि ती जेव्हा माझ्याकडे पाहायची तेव्हा मला तिच्या डोळ्यांतलं ते सगळं ओळखीचं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं. काय सांगू, मला ते गोड लागत होतं. तुपाहून गोड.

डॉक्टरने जावेला पुन्हा तपासलं आणि सांगितलं, आता हिचं दूध चांगलं आहे, पोर आईकडे द्या. सांगायला सोपं. पोर घेईचना. तोंड फिरवी, ओरडे, माझ्या दिशेने वाकडा होई. जावेचं दूध कमी पडलं होतं, आणि पोराने ओढलं नाही तर ते आटून जाणार होतं. माझी मुलगी वाढत होती, दोघांना पुरेल इतकं माझंही फार दिवस टिकलं नसतं. हे आम्हा दोघींना माहीत होतं.

शेवटी तीच एका सकाळी माझ्याजवळ आली. मान खाली नव्हती या वेळी.

“बाई, तुम्ही थोडा वेळ बाहेर जाता का?” ती म्हणाली. “तुमचा वास आला की तो माझ्याकडे पाहतच नाही. मीच त्याची आई आहे ना?”

मला खूप काही बोलता आलं असतं. कुणाच्या दुधावर जगला ते बोलता आलं असतं. मी टोपली उचलली, मुलीला कमरेवर घेतलं आणि मोहफुलं वेचायच्या निमित्ताने बोडीच्या पाळीवर गेले. बोडी म्हणजे आमचं शेतातलं लहान तळं, घरापासून हाकेच्या अंतरावर. मोहाच्या झाडाखाली सडा पडला होता. मी एक फूल वेचलं नाही.

त्याचं रडणं तिथवर ऐकू येत होतं. काय आवाज होता! गावाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. तो मला बोलावत होता, आणि त्या आवाजासरशी माझं दूध आपोआप सुटलं, चोळी ओली झाली. मी उठले, खाली बसले, पुन्हा उठले. माझी मुलगी माझा पदर ओढत होती आणि मला ते जाणवतही नव्हतं. इतका वेळ कुणी रडतं का? मरेल पोर! माझं पाऊल घराकडे वळलं, चार पावलं गेलेही.

आणि रडणं मध्येच तुटलं. एक हुंदका आला, मग थोड्या वेळाने आणखी एक, मग काहीच नाही. आधीची ती भीतीची शांतता मला चांगली ओळखीची होती. ही तशी नव्हती. त्याने तिचं दूध घेतलं होतं.

तांदळाच्या पोत्यासाठी मी जळले होते, तुपासाठी जळले, तिच्या सुजलेल्या पायांसाठीसुद्धा जळले. पण त्या सकाळी पाळीवर बसून मी त्या बाईवर जशी जळले तशी त्याआधी कधी जळले नव्हते आणि नंतरही नाही. माझ्या मुलीने मांडीवरून आपणहून तोंड वळवलं आणि ती प्यायला लागली. ती पिऊन झोपली, तरी दुसऱ्या बाजूचं दूध वाहतच होतं. चोळी वाळेपर्यंत मी घरी गेले नाही.